मदत हवी आहे: पावसाळ्यात स्कूटरवरून लॅपटॉप नेताना धरणारं दव

म्हापसा-पणजी रोज स्कूटरवर, पाठीवरच्या सॅकमध्ये १४ इंची, धातूच्या बॉडीचा लॅपटॉप. पाऊस आत शिरत नाही. नुसतं रेनकव्हर पुरत नाही. पाठीकडची बाजू उघडी राहते, पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी कव्हरच्या तळाशी साचतं. म्हणून आत तोंड गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ पिशवी आहे.

अडचण दवाची. ऑफिसात एसी २२ अंशांवर. थंड लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत उघडला की झाकणावर आणि चार्जिंग पोर्टच्या कडेला बारीक थेंब धरतात. त्यामुळे पिशवी एसीतच बंद करते, त्याआधी पूर्ण शटडाउन (स्लीपमध्ये ठेवला तर आत तापतो). घरी पोचल्यावर अर्धा तास पिशवी उघडत नाही, तिथे काहीच त्रास नाही. पण दुपारी पर्वरीला ग्राहकाकडे पंखाच असतो, आणि पोचल्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. सिलिका जेलच्या निळ्या पुड्याही टाकून पाहिल्या. लगेच गुलाबी होतात (म्हणजे ओलावा शोषून भरतात), आणि थंड पत्र्यावरचं दव त्यांनी थांबत नाही. तांदळाचा उपाय कृपया नको, पोर्टमध्ये पीठ जातं. हेअर ड्रायरही नको.

एसीतून निघण्याआधी लॅपटॉप मुद्दाम चालवून कोमट करायचा आणि मग बंद करून पिशवीत घालायचा, हे बॅटरीला रोज चालेल का? की दहा मिनिटांत सुरक्षित सुरू करायची दुसरी रीत आहे?