आरएनए नुसता निरोप्या नाही
बरेचदा म्हटलं जातं की आरएनए हा डीएनएचा निरोप्या, म्हणजे प्रथिन बनवायचा जनुकातला निरोप नेणारा रेणू, त्यामुळे डोळ्याच्या आजारात दोष शोधायचा तो जनुकातच. आनुवंशिक आजारांपुरतं हे बऱ्याच अंशी पटतं. पण उतारवयात पीतबिंदू (दृष्टिपटलाचा मधला, बारीक पाहण्याचा भाग) झिजण्याचा जो आजार होतो, त्याच्या कोरड्या प्रकारातल्या शेवटच्या टप्प्यात आरएनए स्वतःच विषासारखा वागताना दिसलाय. आपल्या जीनोमचा (पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा) सुमारे १० टक्के भाग 'अलू' नावाच्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा असतो. त्यांच्यापासून बनणारा आरएनए डायसर हे विकर (एन्झाइम) कापून टाकतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा रुग्णांच्या दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्य-पेशींत डायसर कमी झालेलं आणि अलू आरएनए साठलेला आढळला. या साठ्यानेच पेशी मरतात, हेही प्रयोगांत दिसलं. इथे निरोप जात नाही, प्रथिन बनत नाही; न उचललेला कचराच घातक ठरतो! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण नुसतं जनुक वाचून ती कळली नसती.

आणि याच आजाराच्या ओल्या प्रकारावर २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पेगाप्टानिब हे औषध म्हणजे मुद्दाम घडवलेला आरएनएचाच रेणू. तोही निरोप नेत नाही, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतो.