पहिल्या अंघोळीला फडके रोडवर स्पीकर हवेतच कशाला?

पूर्वेचा_जुना

परवा एका मित्राशी यावरून वाजलं, म्हणून इथे टाकतोय. माझं म्हणणं एवढंच की नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर स्टेज आणि स्पीकरची भिंत नको. कोणाचीच नको. या पक्षाची नको, त्या पक्षाची नको, आणि 'स्थानिक तरुणाईला व्यासपीठ' असं गोंडस नाव दिलं तरी नको.

डोंबिवलीबाहेरच्यांसाठी सांगतो. स्टेशनजवळच्या बाजीप्रभू चौकातून गणेश मंदिराकडे जाणारा हा रस्ता. उटणं, अंघोळ, फराळ उरकून गाव नवे कपडे घालतं, गणपतीला जाऊन येतं आणि मग या रस्त्यावर नुसतं उभं राहतं. कार्यक्रम असा काहीच नाही. पत्रिका नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन तर नाहीच नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत मोबाईल नव्हते आणि कुणाला काही कळवावंही लागत नसे. दहावीनंतर तोंड न पाहिलेला मुलगा बंद शटरपुढच्या पायरीवर बसलेला सापडायचा. कुणाचं कुठे जमलंय हे घरच्यांच्या आधी फडके रोडला कळायचं.

गेल्या दिवाळीला शाळेतला मित्र भेटला. पुण्याला असतो, अकरा वर्षांनी गाठ पडली. तो काहीतरी सांगत होता आणि मागे असा ठोका चालला होता की पोटात धडधडावं. मी "काय?" म्हटलं. त्याने परत सांगितलं. मी परत "काय?" तिसऱ्यांदा तो हसला, "काही नाही रे, नंतर बोलू" म्हणाला, आणि आम्ही फोटो काढून पांगलो. दुपारी त्याचा मेसेज आला, "बाबा गेले मार्चमध्ये, तेच सांगत होतो."

मी त्या फोटोत दात काढून हसतोय.

भेटायला आलेल्यांना बोलताच येत नसेल, तर त्या गर्दीचा फायदा फक्त ज्याचा फ्लेक्स लागलाय त्याला. बोला आता.

सात_चव्वेचाळीस_स्लो

काका, मित्राच्या बाबांचं वाईट वाटलं, मनापासून. पण त्यावरून स्पीकरच नको, हे जरा जास्त होतंय.

आम्ही वर्षभर सकाळी लोकलच्या दारात लटकून जातो आणि रात्री नऊला घरी येतो. सोसायटीत गाणी लावली की दहाव्या मिनिटाला सेक्रेटरी चप्पल घालून खाली. एक सकाळ, एक रस्ता, दोन-तीन तास आम्ही नाचतो, तर तेवढ्यात संस्कृती बुडाली? तुम्ही त्या पायरीवर बसून नेमकं कुणाला बघायला जायचात ते आम्हाला घरात ऐकायला मिळालंय. तुमचंही देवदर्शन, आमचंही देवदर्शन.

गॅलरीतून

मी त्याच रस्त्यावर राहते, पहिला मजला. तुम्हा दोघांनाही तो रस्ता वर्षातून एकदा लागतो, मला रोज लागतो.

सहा वाजून पाच मिनिटांनी "चेक, चेक, हॅलो, वन टू" सुरू होतं. मग गाणं. खिडकीच्या काचा चौकटीत कडकडतात, देवघरातली पळी ताम्हनात आपोआप वाजते. सासूबाई श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतात. त्यांना तेवढी तरी सोय आहे. आमच्या जिन्यात अनोळखी पोरं बसलेली असतात, आणि बसलेली असतात तोवर ठीक, त्यापुढचं लिहीत नाही.

स्टेज नव्हती तेव्हाही गर्दी होतीच. पण आम्ही खाली उतरायचो. गॅलरीत उभं राहिलं तरी खालून कोणीतरी "वहिनी, फराळ?" म्हणून हाक मारायचं आणि ती ऐकू यायची. आता त्या दिवशी आम्ही पहाटेच बदलापूरला नणंदेकडे जातो. सण माझ्या दाराखाली आणि मी दाराला कुलूप लावून बाहेर.

पूर्वेचा_जुना

वहिनी, माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

मंडपाखालचा

आता दुसरी बाजू ऐका. मी तीन वर्षं एका स्टेजवर कार्यकर्ता म्हणून राबलोय. नाव विचारू नका.

सगळ्यांना फ्लेक्स दिसतो. त्या फ्लेक्सखाली पाण्याचे जार असतात ते दिसत नाहीत. चक्कर आलेल्या मुलीला बसायला खुर्ची आमच्याच मंडपात मिळते. मागच्या खेपेला आई-बापापासून सुटलेली तीन पोरं आमच्या माइकवरून सापडली. त्यातल्या एकाला बाबांचं नाव विचारलं तर "पप्पा" म्हणाला. माइकवरून "निळा कुर्ता, पायात एकच मोजडी" असं पाच वेळा सांगितलं, तेव्हा बाप धावत आला, दुसरी मोजडी हातात घेऊन.

तुमच्या त्या 'आपोआप जमणाऱ्या' गर्दीत हे कोण करणार? आता पलावापासून लोक येतात, दिव्याहून येतात. पूर्वी सगळे एकमेकांना ओळखत असतील, आता नाही. एवढ्या माणसांना कोणीतरी वाली लागतो.

पूर्वेचा_जुना

मोजडीचा मुद्दा मान्य. खरंच मान्य. पण हरवलेलं पोर सापडायला हातातला कर्णा पुरतो, त्याला ट्रकभर स्पीकर लागत नाहीत. आणि पाणी द्यायला फोटो लागत नाही.

नियमपोथी

भावनेत वाहण्याआधी कायदा बघू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. फडके रोड व्यापारी भाग धरला तर दिवसा ६५. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा फार तर १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. म्हणजे कितीही ताणलं तरी ७५ च्या वर नाही. काचा कडकडतात तिथे तो किती असेल हे सांगायला यंत्र लागत नाही.

पण धागाकर्त्यांची गोची पुढे आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायलाच बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस जी सूट देऊ शकतं ती रात्री १० ते १२ ची, पहाटेची नाही. आता सांगा, मैदानात साडेपाचला सतरंज्या घालून जी 'दिवाळी पहाट' होते, अभंग, नाट्यपदं, निवेदकाची शेरोशायरी, ती कशात बसते? डीजे साडेसातला लागतो, तो आवाजाचा नियम मोडतो. साडेपाचची मैफल वेळेचा मोडते. बंद नाट्यगृहात केली तर प्रश्न नाही.

आपल्याला न आवडणाऱ्या आवाजालाच आपण प्रदूषण म्हणतो.

सात_चव्वेचाळीस_स्लो

पोथीवाले, पाया पडतो.

पूर्वेचा_जुना

बरोबर आहे. मैफल सहानंतर सुरू करा किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरात न्या. (लिहिताना जरा दुखलं. पहाटेचा भटियार राग नऊ वाजता एसी हॉलमध्ये ऐकायचा म्हणजे... असो.)

ताशा_आणि_टोल

मी ढोलपथकात आहे, त्यामुळे आवाजावर प्रवचन देणार नाही. आमचे चाळीस ढोल एकदम पडले की तेही ७५ मध्ये बसत नाहीत, माहितीये.

पण एक फरक बघा. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा इथेच सुरू झाली, १९९९ ला, गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने. मग ठाण्याने उचलली, गिरगावाने उचलली. त्यात आमचं पथक कुणाच्या मागे, कुठल्या चौकात वाजवायचं, कुठे नुसतं चालायचं, हे आधी बैठकीत ठरतं. दवाखान्यासमोर आमचा ध्वजधारी हात वर करतो आणि टोल थांबतो. यात्रा पुढे सरकते, म्हणजे 'गॅलरीतून' यांच्या खिडकीखाली आम्ही पाच मिनिटं असतो. स्टेज चार तास जागेवरच असतं.

दिवाळीच्या सकाळीला असा धनीच नाही. तीच तिची गंमत, आणि म्हणूनच जो आधी ट्रक आणून लावेल त्याची जागा. बंदी घालून काही होत नाही. संगीत हवं त्यांनी नेहरू मैदानात जावं, रस्ता चालणाऱ्यांना ठेवावा. मैदान तिथून लांबही नाही.

सात_चव्वेचाळीस_स्लो

मैदानात कोण जाणार नाचायला? तिथे बघायला कोण असतं?

ताशा_आणि_टोल

चला, एकदाचं खरं बोललास.

पश्चिमेकडून

भागशाळा मैदान पण मोकळं असतं हो सकाळी. तेवढंच आमच्याकडेही काहीतरी होईल. पुलावरून इकडे यायला व्हिसा लागत नाही.

खडूवाली

'बघायला कोण असतं' यावर हसू नका, खरा मुद्दा तोच आहे. पोरं नाचायला येत नाहीत, दिसायला येतात. आम्हीही त्यासाठीच जायचो. सहावारी नेसून, केसात गजरा, आणि आतून ब्लाउजची नवी शिलाई टोचतेय. वर्गात वर्षभर न बोललेला मुलगा समोरून "हॅपी दिवाळी" म्हणाला की ते नाताळपर्यंत पुरायचं. पण ते 'हॅपी दिवाळी' ऐकू आलं होतं, एवढंच माझं म्हणणं.

याच रस्त्यावर पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकं मांडली होती, 'बुक स्ट्रीट' म्हणून. माणसं चालत होती, चाळत होती, अनोळखी लोक एकमेकांना "हे वाचलंय का" विचारत होते. तेव्हा या रस्त्याला हे जमतच नाही असं नाही.

मंडपाखालचा

ताई, पुस्तकाला येणारी माणसं वेगळी आणि दिवाळीची वेगळी. त्या गर्दीतल्या किती पोरांनी ती पुस्तकं उचलली असती? आपल्या चार लोकांच्या आवडीवरून गावाची आवड ठरवू नका. २०१७ ला इथे नव्वदावं साहित्य संमेलन झालं, मी स्वयंसेवक होतो. सगळ्यात जास्त गर्दी खाण्याच्या स्टॉलवर होती.

खडूवाली

मीही तिथेच होते. झुणका-भाकरीच्या रांगेत. पण रांगेत बोलता येत होतं.

गॅलरीतून

करोनाच्या दिवाळीत जमायला बंदी होती. सकाळी सात वाजता रस्ता रिकामा. मी म्हटलं, आता कशी शांतता. अर्ध्या तासात सासूबाई यंत्र लावून गॅलरीत आल्या आणि विचारलं, "आज कोणीच कसं नाही गं?" तेव्हा मला गर्दी नको आहे असं समजू नका. मला ती ऐकू यायला हवी आहे.

पूर्वेचा_जुना

बंदीवरून मी थोडा मागे येतो. स्टेज मैदानात, मदतीचा एक मंडप रस्त्यावर, त्यात कर्णा, पाणी, खुर्च्या. फ्लेक्स कुणाचाही लावा, वाचणार नाही. 'मंडपाखालचा', हे तुमच्या वर पोचवाल का?

मंडपाखालचा

पोचवीन. पण समोरच्याने स्टेज लावलं की आमचंही लागणार, हे आत्ताच सांगून ठेवतो. कोणी आधी काढायचं, यावरच सगळं अडतं.

नियमपोथी

दोघांनी एकदम काढायचं. परवानगी देणाऱ्याने दोघांनाही नाही म्हणायचं. यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही.

सात_चव्वेचाळीस_स्लो

काका, तुमचा मित्र यंदा येणार आहे का? येणार असेल तर आप्पा दातार चौकात उभे राहू नका, आवाज तिथे सगळ्यात जास्त. साडेसहाला या. आमचं सुरू व्हायला साडेसात होतातच, डीजेवाला कधी वेळेवर आलेला नाही.

पूर्वेचा_जुना

साडेसहाला तो पुण्याहून कसला येतोय. आदल्या रात्रीच बोलवावं लागेल घरी.

गॅलरीतून

मग बोलवा की. आणि जिन्यात बसणार असाल तर आधी बेल वाजवा.