कापड दुकानातील नोकरांचा गणवेश: गादीवर बूट, उन्हाळ्यात टाय आणि पगारातून कपात

प्रश्न
विचारणारे: गादीवाला

सर्व सभासदांना नमस्कार. मी सोलापुरात नवी पेठेतील एका तीन मजली कापड दुकानात साडी विभागाचे काम पाहतो. आमच्या मालकांचे चिरंजीव यंदा कारभारात लक्ष घालू लागले असून लग्नसराई सुरू होण्यापूर्वी सर्व नोकरांना गणवेश लागू करायचा, असे त्यांनी ठरवले आहे. मोठ्या शहरातील कुठल्याशा साखळी दुकानाची नियमावली समोर ठेवून त्यांनी मसुदा तयार केला आणि तो मराठीत नीट लिहून प्रत्येकाची सही घेण्याचे काम माझ्यावर सोपवले.

मसुदा थोडक्यात असा आहे. पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय व काळे बूट घालावेत आणि दाढी ठेवू नये. स्त्रियांनी कुर्ता व पँट घालावी, केसांचा अंबाडा बांधावा, हातात बांगड्या घालू नयेत. सर्वांच्या छातीवर पूर्ण नावाचा बिल्ला असावा. दोन जोडांची किंमत तीन हप्त्यांत पगारातून कापली जाईल आणि गणवेशाविना आल्यास दिवसाला शंभर रुपये दंड होईल.

गणवेशाला माझा विरोध नाही. बस्त्याच्या दिवसांत एकेका घरची पंधरा-वीस माणसे येतात, गादीभोवती गर्दी होते आणि लोक नवरीच्या मामालाच नोकर समजून भाव विचारतात. अशा वेळी दुकानाचा माणूस ओळखू आला तर गिऱ्हाइकाचीही सोय होते. परंतु मसुदा वाचून दाखवल्यापासून दुकानात दोन तट पडले आहेत. साडी विभागात आम्ही पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतो आणि गिऱ्हाईकसुद्धा चपला खाली काढून वर येते, तेथे बुटांचा नियम पाळायचा कसा, याचा विचारच झालेला नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो आणि आमच्या वरच्या मजल्यावर एसी नाही, तरीही टाय बांधून दिवसभर ताके उचलायचे आहेत. दाढीच्या नियमावर मुसलमान मुले नाराज आहेत आणि पूर्व भागातील काही तेलुगू मुलेही नाराज आहेत, कारण ती दरवर्षी अय्यप्पाची दीक्षा घेतात आणि त्या एकेचाळीस दिवसांत दाढी करीत नाहीत, काळे कपडे घालतात व अनवाणी राहतात. जुन्या दोन बायकांनी तर, आम्ही जन्मात पँट घातली नाही, आता घालणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे.

यांपैकी कोणत्या गोष्टींसाठी मी मालकांशी बोलावे आणि कोणत्या सोडून द्याव्यात? ज्यांच्या दुकानात असे प्रसंग आले असतील त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर 1
लिहिणार: बिलिंग काउंटर

काका, नमस्कार. मी होटगी रस्त्यावरील एका तयार कपड्यांच्या दुकानात बिलिंगला आहे. आमच्याकडे गणवेश सुरू झाला तेव्हा सगळी चर्चा साडी की पँट याभोवतीच फिरली आणि पुढे ज्यांचा खरा त्रास झाला त्या गोष्टी कोणी काढल्याच नाहीत.

त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे कपडे बदलायची जागा. गणवेश घालूनच घरून निघायचे म्हटले तर शेअर रिक्षात, बाजारात, शेजारीपाजारी सर्वत्र आपण कोणत्या दुकानात कामाला आहोत हे सांगत फिरावे लागते. रात्री दुकान बंद करून परतताना हे नकोसे वाटते. दुकानात येऊन बदलायचे म्हटले तर गिऱ्हाइकांसाठी ट्रायल रूम असते, परंतु नोकर बायकांना गोदामात खोक्यांच्या आडोशाला उभे राहावे लागते. आतून कडी लागणारी एक खोली आणि प्रत्येकीला एक कप्पा, एवढे मालकांकडून आधी लिहून घ्या आणि सह्या त्यानंतर घ्या.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची आहे. पूर्ण नाव वाचून काही पुरुष फोनवर शोधतात आणि रात्री मैत्रीची विनंती पाठवतात; आमच्याकडच्या दोन मुलींनी याच कारणाने काम सोडले. बिल्ल्यावर फक्त पहिले नाव किंवा नुसता क्रमांक असला तरी गिऱ्हाइकाचे काही अडत नाही आणि तक्रार करायची झाल्यास क्रमांक पुरतो.

बांगड्यांच्या बाबतीत मात्र मालकांच्या बाजूने एक रास्त कारण आहे, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. रेशमी साडी पसरताना पिचलेल्या बांगडीची कड किंवा अंगठीचा खडा धाग्यात अडकला, की धागा ओढला जाऊन कापडावर रेघ उमटते आणि ती साडी पूर्ण भावाने विकता येत नाही. हे कारण असेल तर नियम साडी विभागापुरताच असावा आणि तो पुरुषांच्या खड्यांच्या अंगठ्यांना व घड्याळाच्या पट्ट्यांनाही तितकाच लागू व्हावा. बिलिंगवर बसलेल्या बाईच्या हिरव्या बांगड्यांनी कॉम्प्युटरचे काही बिघडत नाही.

पँटविषयी एवढेच सांगते की, ज्यांना शिडीवर चढून वरच्या फळीवरचा माल काढावा लागतो त्यांना साडीपेक्षा पँट किंवा सलवार सोयीची पडते, आणि आमच्याकडील पन्नाशीच्या एका मावशींनी ती आपणहून स्वीकारली. परंतु ज्या मावशी गादीवर बसून साड्या दाखवतात, त्यांना त्याच रंगाची साडी नेसू द्यायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

उत्तर 2
लिहिणार: शिलाई युनिट, अक्कलकोट रस्ता

आमचा व्यवसाय गणवेश शिवण्याचाच आहे, म्हणून कापडापुरते लिहितो. सोलापुरात शिवलेले शाळांचे गणवेश देशभर जातात, आणि आपल्याच पेठेतील दुकानदार नोकरांसाठी सर्वांत स्वस्त पॉलिएस्टर मागतात, याचे मला नवल वाटते. निव्वळ पॉलिएस्टर घाम शोषत नाही, धुतले तरी त्यातील वास पूर्ण जात नाही, आणि दुपारनंतर गिऱ्हाईक जवळ बसले की त्यालाही तो जाणवतो. त्यामुळे शर्टासाठी सुताचे प्रमाण अधिक असलेले मिश्र कापड घ्यावे. निव्वळ सूत अंगाला उत्तम, परंतु त्याला रोज इस्त्री लागते आणि इस्त्रीचा खर्च शेवटी नोकरावरच पडतो, म्हणून त्याचा आग्रह मी धरणार नाही.

रंग निवडताना राखाडी आणि फिका निळा टाळावा, कारण घामाचे डाग या दोन रंगांवर सर्वांत जास्त उठून दिसतात. गडद निळा, पांढरा किंवा बारीक छापाचे कापड चालते. सोलापूरच्या हवेत बाही अर्धीच ठेवावी. टायविषयी माझे मत विचाराल, तर वाकून ताका उलगडणाऱ्या माणसाच्या गळ्यात लोंबणारी पट्टी कात्रीच्या आणि कापडाच्या मध्ये येते. तिचा उपयोग फक्त शुभारंभाच्या फोटोपुरता आहे.

दोन जोड पावसाळ्यात पुरत नाहीत, तीन असावेत. एक-दोन ठरावीक आकारांत उरकू नये, प्रत्येकाचे माप घ्यावे आणि स्त्रियांच्या कुर्त्याला खिसा ठेवावा. दुकानदार कुर्त्याच्या नमुन्यात खिसा हटकून विसरतात आणि मग मापाची टेप, खडू, मोबाइल सगळे हातात धरून बायका हिंडतात. ज्या मुलींना डोके झाकायचे असते त्यांच्यासाठी त्याच कापडाचा स्कार्फ कापून दिला तर गणवेशाची एकरूपता मोडत नाही. आम्ही असे काम करून दिले आहे.

उत्तर 3
लिहिणार: चाटी गल्लीतील दुकानदार

मी मालकाच्या बाजूने लिहितो, कारण येथे ती बाजू कोणी मांडणार नाही. पगारातून कपात न करता गणवेश फुकट द्यावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु लग्नसराईत कामाला लागलेला मुलगा तीन महिन्यांत सोडून जातो आणि त्याच्या मापाचा शर्ट दुसऱ्या कोणाला येत नाही. दुकानात माणूस नीटनेटका दिसावा, ही अपेक्षा गैर नाही. तोंडात मावा धरून गिऱ्हाइकापुढे बसणारे आणि रबरी चपला फटफटवत फिरणारे नोकर मी रोज पाहतो, आणि दोन शब्द बोलले तर आमच्या वैयक्तिक गोष्टीत पडू नका, असे ऐकून घेतो.

दाढीविषयी मी नियम केला नाही. दाढी ठेवायची असेल तर ती विंचरलेली व कापलेली असावी, एवढे सांगितले आणि दीक्षेच्या दिवसांत त्या मुलांना गोदामात व हिशेबात काम दिले. आजवर तक्रार आलेली नाही.

उत्तर 4
लिहिणार: कामगार कायद्याचा वकील

वरील चर्चेत दंड आणि कपात हा भाग राहून गेला आहे, आणि माझ्या मते मसुद्यातील सर्वांत कच्चा भाग तोच आहे.

पगारातून कोणत्या रकमा कापता येतात याची यादी कायद्याने ठरवून दिली आहे. ती पूर्वी वेतन प्रदान अधिनियम, 1936 मध्ये होती आणि आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 मध्ये आहे. त्या यादीत गणवेशाची किंमत असे कलम नाही. नोकराने सही केली म्हणून बेकायदा कपात कायदेशीर होत नाही, हे मालकांना स्पष्ट सांगावे.

दंडाच्या अटी त्याहून कडक आहेत. कोणत्या चुकीसाठी दंड होईल याला शासनाची किंवा नेमलेल्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते, ती यादी दुकानात लावावी लागते, नोकराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि एका महिन्यातील एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. बारा हजार रुपये पगार धरला तर ही मर्यादा 360 रुपये होते, म्हणजे शंभर रुपयांचा दंड चौथ्या दिवशीच कायद्याबाहेर जातो. दंड हप्त्यांनी वसूल करता येत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि जमलेली रक्कम नोकरांच्या हिताच्या मान्य कामांसाठीच वापरावी लागते. ती गल्ल्यात जात नाही.

चाटी गल्लीतील सन्माननीय सदस्यांची अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे गणवेश दुकानाच्या मालकीचा ठेवावा, देताना नोंद करावी आणि काम सोडताना परत घ्यावा.

धर्माच्या खुणांबाबत एक खुलासा करतो. घटनेचे धर्मस्वातंत्र्याविषयीचे 25वे कलम मुख्यतः शासनाला बांधते. खासगी दुकानदारावर ते थेट लावता येईलच असे नाही. म्हणून इष्टलिंग, तुळशीची माळ, स्कार्फ, दाढी यांविषयी जे ठरेल ते नियमात लिहूनच ठेवावे. तोंडी सवलत देणारा व्यवस्थापक बदलला की सवलतही जाते.

पुन्हा प्रश्नकर्ते: गादीवाला

सर्वांचे आभार. काल दुपारी गर्दी नसताना मालक आणि त्यांचे चिरंजीव या दोघांसमोर बसून बोललो. दंडाचे कलम त्यांनी जागच्या जागी खोडले. 3 टक्क्यांचा हिशेब त्यांना पटला, की नोंदवहीच्या कटकटीने ते कंटाळले, हे मला सांगता येणार नाही. टाय गेला. बूट फक्त तळमजल्यावर घालायचे आहेत आणि गादीवर पूर्वीप्रमाणेच अनवाणी बसायचे आहे. बिल्ल्यावर पहिले नाव राहील. गणवेशाच्या किमतीवर मात्र गाडी अडली आहे. निम्मा खर्च नोकरांनी उचलावा, असे चिरंजीवांचे म्हणणे आहे, आणि त्यावर वकीलसाहेबांनी लिहिलेले मी छापून त्यांच्या टेबलावर ठेवले आहे. कपडे बदलायच्या खोलीसाठी दुसऱ्या मजल्यावरील जुन्या मालाची खोली रिकामी करायचे ठरले, परंतु कधी, हे ठरले नाही.

बिलिंगच्या ताई, मावशींच्या साडीचा विषय मी काढला तेव्हा थोरल्या मालकांनी स्वतःच सांगितले की, साडीच्या दुकानात बायकांना साडी नेसू नका म्हणणे बरे दिसत नाही. शिलाई युनिटवाल्या दादांनी गडद निळ्या मिश्र कापडाचे नमुने आणि त्याच रंगाच्या साडीचा भाव कृपया कळवावा. तिन्ही जोडांचा एकत्र अंदाज मिळाला, तर सोमवारी तो घेऊन पुन्हा बसता येईल.