प्रतिसाद: फोटोत न दिसलेला कण

लाल डोळ्यासाठी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल पुरेसा आहे, प्रत्यक्ष तपासणी लागत नाही, हे मत मला अर्धेच पटते. पापणीवरची रांजणवाडी मोबाइलच्या फोटोतही ओळखू येते; बुबुळावरचा बारीक ओरखडा मात्र पुष्कळदा फ्लुरोसिन या रंगद्रव्याचा थेंब घालून स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या, दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या प्रकाशात पाहिल्यावरच हिरवा चमकतो. रबाळ्याच्या कारखान्यात ग्राइंडिंग करणाऱ्या माझ्या भाच्याने पाठवलेल्या फोटोत नुसती लाली होती. तपासणीत बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण आणि त्याभोवती गंजाचे कडे निघाले. अशा वेळी घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब (ते असतातच!) घालणे, विशेषतः बुरशीचा किंवा हर्पीस विषाणूचा संसर्ग असल्यास, घातक ठरू शकते. निदान झालेल्या कोरड्या डोळ्यांच्या पाठपुराव्यासाठी मात्र ठाण्याहून दर वेळी लोकल पकडण्यापेक्षा कॉलच बरा.