प्रति: तलावाची सफाई नगरपरिषदच नाही करत, तर आपण काय करणार?

भाऊ, हा प्रश्न आमच्याकडेही दहा वर्षं चघळला. नागपूरपासून तासाभरावरचं आमचं गाव, मधोमध मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातला. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणं कोणाचंच काम उरलं नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही वीसेक जण सकाळी सहाला उतरलो. आठनंतर त्या उन्हात फावडं धरवत नाही, राजेहो! काय निघालं? प्लास्टिक, गणपतीचे पाट, एक अख्खी सायकल. काळा गाळ मात्र शेतकऱ्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं नेला, वाहतुकीचा खर्च वाचला. काठाची जाळी तेवढी वर्गणीतून बसवू नका. तुटली की दुरुस्ती तुमच्याच गळ्यात. आम्ही भोगतोय.