दात पांढरे करायचे: लिंबू-कोळसा, ट्रे की तासाभराचं ब्लीचिंग?

लॅबवाला, मेडिकल चौक

दिवाळी सरली की नागपुरात लग्नसराईची तयारी सुरू होते, आणि सोबत दात पांढरे करून घ्यायची घाईही. मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. कॅप, ब्रिज, कवळ्या, ब्लीचिंगचे ट्रे हे रोजचं काम. पेशंट आमच्याकडे येत नाही, त्याच्या दातांचं माप येतं आणि त्यावरून आम्ही प्लास्टरचं मॉडेल ओततो. मॉडेलमध्ये झीज लपत नाही. अलीकडे कोवळ्या वयाच्या पोरापोरींच्या मॉडेलवर हिरडीलगत घासून पडलेल्या खाचा दिसतात. डॉक्टरांना विचारलं तर कळतं की मोबाइलवर बघून कोळशाची पावडर नाहीतर लिंबू-सोडा चालू होता. फार वाईट वाटतं, कारण एकदा गेलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही.

डाग दाताच्या वर आहे की आत, हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कोणतीच पद्धत निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. चहा, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), तंबाखू, हळद यांचे डाग वरचे. हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश बरेच दिवस चालू ठेवलं तरी तपकिरी डाग पडतात, तेही वरचेच. हे सगळं स्केलिंग (दातांवरचा थर यंत्राने काढणं) आणि पॉलिशिंगने निघतं, ब्लीच लागतच नाही. वयाने आलेला पिवळेपणा, लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे करडे पट्टे, पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग हे आतले. तिथे कितीही घासा, रंग तोच राहतो. 'व्हाइटनिंग' लिहिलेल्या बहुतेक पेस्ट वरचाच डाग घासतात. काहींत निळं रंगद्रव्य असतं, त्याने दात तेवढ्यापुरते पांढरे भासतात.

आतला रंग उजळायला पेरॉक्साइड हे ब्लीच करणारं रसायनच लागतं, आणि त्यात रात्री लावायचा ट्रे मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. ही पद्धत १९८९ पासून दंतवैद्यकात नोंदलेली आहे. तुमच्याच दातांच्या मापाचा पातळ, मऊ ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल. त्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. खुर्चीवर बसवून करतात त्या ब्लीचिंगमध्ये हेच प्रमाण ३५-४० टक्क्यांपर्यंत जातं. काही आठवड्यांनी बघितलं तर दोन्हींचा रंग जवळपास सारखाच. मग दहापट तीव्र रसायन कशाला?

इतवारीकर

दादा, तुमी चांगलं लिहिलं, पण मला पटलं नाही. माझी आजी राखुंडी लावायची, आजोबा बाभळीच्या काडीनं दात घासायचे. म्हातारपणीही ऊस दातानं सोलून खायचे. तेव्हा कोणाच्या तोंडात पेरॉक्साइड गेलं होतं? आता ज्या गोष्टीनं केस भुरे करतात तीच रात्रभर तोंडात धरून झोपा म्हणून सांगून राहिले. आमच्या घरी संत्र्याच्या दिवसांत सालीची आतली बाजू दातावर फिरवतात, माझी आईही करते. तिचे दात काही झिजले नाहीत. घरचे उपाय फुकटात होतात, त्यातून कोणाला पैसा मिळत नाही, म्हणूनच त्यांच्याबद्दल घाबरवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबवाला, मेडिकल चौक

इतवारीकर, काडीला माझा अजिबात विरोध नाही. बाभूळ असो की कडुलिंब, नीट चावून कुंचला केला तर दातावरचा थर निघतो. पण ती दात साफ करते, दाताचा मूळ रंग बदलत नाही. राखुंडी बोटानं हलकेच लावणं वेगळं आणि तीच ब्रशवर घेऊन जोर लावणं वेगळं.

संत्र्याच्या सालीचं सांगायचं तर आतल्या पांढऱ्या भागात आंबटपणा कमी असतो, म्हणून आईंचं फारसं काही बिघडलं नसेल. रस मात्र आंबटच. आणि लिंबू तर मुळीच नको. लिंबाच्या रसाचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन ते अडीचच्या आसपास असतो, इनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. लोक त्यात खायचा सोडा घालतात. फेस आला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण त्या फेसात आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात. सोडा पुरेसा असेल तर लिंबू टाकून उपयोग नाही, आणि कमी पडला तर आम्लानं मऊ झालेल्या दातावर आपण ब्रश चालवतो. नुसता सोडा त्यापेक्षा कितीतरी सौम्य आहे.

इनॅमलच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर असतं. वरचा थर जितका पातळ, तितका तो पिवळा जास्त दिसतो. पांढरे व्हावेत म्हणून घासत राहणाऱ्याचे दात शेवटी आणखी पिवळे होतात. कोळशाचं माझं भांडण याच कारणासाठी आहे.

बर्डी ते हिंगणा

मी खुर्चीवरचं ब्लीचिंग करून घेतलं आहे आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. शिफ्टची नोकरी, घरी यायला रात्रीचे अकरा. त्यानंतर ट्रे भरा, तो घालून झोपा, सकाळी धुवा, असं आठवडेच्या आठवडे कोण करणार? मला उलटीची भावना होते, माप घेतानाच जीव नकोसा झाला होता. एका बैठकीत काम झालं, हिरडीवर संरक्षक लेप लावला होता, डॉक्टर पूर्ण वेळ समोर होते. जेल तीव्र आहे म्हणूनच ते डॉक्टरांच्या हातात असतं. घरी माणूस जास्त जेल भरतो, दिलेले दिवस संपले तरी लावत राहतो, त्याला अडवणारं कोणी नसतं.

आणि राग मानू नका दादा, ट्रे तुमच्या लॅबमध्ये बनतात. तुम्हाला ट्रेच चांगला वाटणार.

लॅबवाला, मेडिकल चौक

प्रश्न रास्त आहे. ट्रे हे लॅबचं सगळ्यांत स्वस्त काम. मॉडेलवर शीट गरम करून ओढायची आणि हिरडीच्या रेषेपाशी कापायची, एवढंच. लॅबचा पैसा कॅप आणि व्हिनियरमध्ये (दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच) आहे. तरी मी सांगतो की फक्त रंगासाठी चांगले दात घासून व्हिनियर बसवू नका. तासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, आणि व्हिनियर आज ना उद्या बदलावंच लागतं.

दंतवैद्य, धरमपेठ

मी प्रॅक्टिस करते, आणि दोघांशीही माझं अर्धंच जुळतं.

लॅबवाल्या दादांनी तीव्रतेचा जो हिशेब मांडला तो बरोबर आहे, पण त्यावरून खुर्चीवरचं ब्लीचिंग निरुपयोगी ठरत नाही. ज्याला ट्रे सहन होत नाही, किंवा जो घरी नियम पाळणार नाही हे दिसतंच, त्याला मी स्वतः खुर्चीवरच करून देते. मात्र पहिल्या दिवशी दिसणारा पांढराशुभ्र रंग खरा नसतो. दात तासभर कोरडे राहिल्यामुळे जास्त पांढरे दिसतात, काही दिवसांत रंग थोडा उतरतो. पेशंटला हे आधी सांगायलाच हवं. 'लेझर' म्हणून दाखवतात त्या निळ्या दिव्याने निकालात फारसा फरक पडत नाही. त्याचे वेगळे पैसे मोजू नका.

ठणका दोन्हींत होतो, बहुधा काही दिवसांत थांबतो. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावा, एक-दोन रात्री ट्रेला सुट्टी द्या. कीड, उघडी मुळं, तडे असतील तर आधी त्यांचा उपचार. गरोदरपणात आम्ही ब्लीचिंग टाळतो. युरोपात तर २०१२ पासून नियम आहे की ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं उत्पादन पहिल्यांदा दंतवैद्याच्या देखरेखीतच वापरायचं, १८ वर्षांखालच्यांना ते द्यायचंच नाही. आपल्याकडे तेच जेल पार्लरच्या खुर्चीत लावलं जातं, याची मला मनापासून चीड येते. तिथे तोंड तपासणारं कोणी नसतं.

आणि नागपुरात तोंड तपासणं हा मुख्य मुद्दा आहे. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा सर्रास मिळतो. त्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडायचं कमी होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. पोट्टे माझ्याकडे "मॅडम, लग्न आहे, दात पांढरे करून द्या" म्हणत येतात आणि तीन बोटं उभी आत जात नाहीत. अशा वेळी मी रंगाचं बोलणं थांबवते आणि आधी खर्रा सोडण्याचं बोलते. तिखट लागलं की आग होत असेल, तोंड कमी उघडत असेल, तर व्हाइटनिंगची चौकशी करत बसू नका, आधी गाल दाखवा.

वणीकडचा

तुमची सगळी चर्चा शहरातली आहे. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात. खर्रा नाही, चहा नाही, तरी शाळेत चिडवतात. माझी मुलगी नववीत आहे, फोटोत ओठ मिटूनच उभी राहते. गावातल्या एकानं सांगितलं म्हणून विटकरीची भुकटी लावून झाली. तिच्यासाठी ट्रे चालेल का?

दंतवैद्य, धरमपेठ

दादा, भुकटी आजच बंद करा. डाग दाताच्या घडणीतच आहे, घासून जाणार नाही. आणि तिचं वय ब्लीचिंगचं नाही.

फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडचे हे डाग, सौम्य ते मध्यम असेल तर मायक्रोॲब्रेजन करतात. आम्ल आणि बारीक पावडरीचं मिश्रण वापरून डॉक्टर वरचा अगदी पातळ थर काढतात. हे घरी करायचं काम नाही. पांढरट चट्ट्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन आहे, त्यात द्रवरूप रेझिन दातात मुरवतात आणि चट्टा आजूबाजूच्या रंगात मिसळतो. खोल तपकिरी डाग किंवा खड्डे असतील तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग. मेडिकल परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तिला नक्की दाखवा.

घरात लहान भावंडं असतील तर पाणीही तपासून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. कायमचे दात जबड्यात तयार होत असतात त्या वयात हे पाणी पोटात गेलं की डाग पडतात, म्हणून धाकट्यांसाठी आताच पाणी बदलणं गरजेचं आहे.

महालातली वाचक

वणीकडच्या दादांची मुलगी वेगळी, तिला उपचार मिळालाच पाहिजे. पण बाकीचे धडधाकट पिवळसर दात पांढरे करायचेच कशाला, हा प्रश्न इथे कोणीच विचारला नाही. डेंटिन पिवळसरच असतं असं दादांनीच लिहिलं. मग नैसर्गिक रंगाला रोग का ठरवायचं? माझ्या भाचीला बघायला आलेल्या बाईंनी "दात थोडे पिवळे आहेत" असं तिच्या तोंडावर सांगितलं. मुलाचे दात खर्ऱ्याने रंगलेले होते, त्यावर कोणी बोललं नाही. पोरीनं त्या दिवसापासून पदर तोंडाशी धरायला सुरुवात केली. तिला ट्रे नको, त्या बाईंना दारातून परत पाठवणारी माणसं हवीत.

लॅबवाला, मेडिकल चौक

ताई, त्या बाईंबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पुढे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. हसायची लाज वाटणाऱ्या माणसाला "तुझा रंग नैसर्गिक आहे" म्हटल्यानं हसू येत नाही. स्वतःसाठी कोणाला एक-दोन छटा उजळ हवे असतील तर त्यात कमीपणा नाही. मी विरोध करतो तो कागदासारख्या पांढऱ्या रंगाला. शेड गाइडमध्ये, म्हणजे दातांचा रंग जुळवायच्या नमुन्यांच्या पट्टीत, ए-वन ते डी-फोर अशा १६ छटा असतात आणि आमच्याकडे मागणी येते ती त्यांच्याही पलीकडच्या ब्लीच शेडची. डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की चेहऱ्यावर उपरे दिसतात.

महालातली वाचक

स्वतःसाठी म्हणता, पण लग्नाच्या दोन महिने आधीच का सुचतं? माझं मत कायम आहे.

खामला

एक शंका. समोरचा एकच दात काळपट झाला आहे, लहानपणी पडलो होतो. बाजूच्या दाताला जुनी कॅप आहे. ट्रेनं दोन्ही सारखे होतील का?

दंतवैद्य, धरमपेठ

नाही. मार लागून काळा पडलेला दात बहुधा आतून मेलेला असतो. आधी एक्स-रे, गरज असेल तर रूट कॅनाल, मग त्याच दाताच्या आत औषध ठेवून ब्लीच करतात. कॅपवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही, फिलिंगवरही नाही. म्हणून क्रम असा ठेवा: दातांचा रंग आधी उजळून घ्या, तो स्थिरावायला किमान दोन आठवडे द्या, मगच नव्या कॅपची शेड घ्या.

लॅबवाला, मेडिकल चौक

आणि शेड दिवसाउजेडी घ्यायला सांगा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घेतलेली शेड आमच्याकडे येते, कॅप तशीच बनते आणि बसवल्यावर उन्हात वेगळी दिसते.