मदत हवी आहे: शेंगाचटणीच्या पाकिटावर खरी किंमत छापते, म्हणून माल उठत नाही

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. सहा वर्षं झाली, घरीच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. मदतीला दोघी आहेत, दोघी आधी विड्या वळायच्या. उलाढाल बरीच लहान आहे, त्यामुळे एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, साधी नोंदणी पुरते. मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, घटक, वजन, पॅकिंगचा महिना, घरचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, सगळं पाकिटावर आहे. वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, पॅकर म्हणून नोंदणीही केली आहे. कागदपत्रांत कुठे कमी नाही. अडलंय ते छापील किमतीपाशी.

माझं २०० ग्रॅमचं पाकीट दाणे, लसूण, तिखट, गॅस, दोघींची मजुरी आणि पिशवी धरून मला ५६ रुपयांना पडतं. दुकानाला ६६ ला देते आणि वर ८० छापते. दुकानदाराला एका पाकिटामागे १४ रुपये सुटतात. वर्षभर हे नीट चाललं होतं.

दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका मोठ्या किराणा दुकानात दुसरी एक चटणी आली. छापील किंमत १५०, विकतात ९५ ला. खाली लाल अक्षरांत पाटी, "५५ रुपये सूट". माझी पाकिटं तिच्या शेजारीच. पहिल्या महिन्यात माझा माल निम्म्यावर आला.

मला वाटलं चव उतरली असेल. म्हणून एका रविवारी दुकानदाराला विचारून सकाळभर मीच तिथे उभी राहिले. एक गृहस्थ आले, अक्कलकोटहून परत पुण्याला निघालेले असावेत, हातात प्रसादाची पिशवी होती. त्यांनी माझं पाकीट उचललं, पाहिलं, ठेवलं. मग दुसरं उचललं. बायकोला म्हणाले, "हे चांगलं असणार, दीडशेचं आहे, पंच्याण्णवला देतायत." आणि चार पाकिटं घेतली. त्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत १७० ग्रॅम लिहिलंय, ते त्यांनी पाहिलं नाही. मी घरी येऊन हिशेब मांडला. ९५ ला १७० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ५६ पैसे. माझी ग्रॅमला ४० पैसे. स्वस्त माझीच आहे, आणि तरी मीच मागे!

आता दुकानदार म्हणतो, "ताई, तुम्ही १४० छापा, मला ६४ ला द्या, मी ९९ ला विकतो. गिऱ्हाईक खूष, मी खूष." माझ्याकडे ८० छापलेल्या दोन हजार पिशव्या पडून आहेत म्हटल्यावर म्हणाला, "मग वर स्टिकर मारा." तो माणूस वाईट नाही, सहा वर्षांत एकदाही त्याने पैसे थकवले नाहीत. पण हे मला पटत नाही आणि रात्री झोपही लागत नाही.

माझ्या दिराचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, ही किंमत छापायची सक्तीच नको. सरकारने यात पडूच नये. ज्याला जी किंमत पटेल ती तो देईल, नाही पटली तर पुढच्या दुकानात जाईल. त्याचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे तिथल्या जत्रेत, मी दोन वर्षं सुटी चटणी विकली. तिथे माणूस पुढे येतो, हात पुढे करतो, मी चमच्याने चिमूटभर तळहातावर ठेवते. तो चाखतो, डोळे मिटतो, एक तर पुढे जातो किंवा पाव किलो बांधून घेतो. तिथे लेबलाची कुणाला गरज पडत नाही. भाव मीच सांगते, तो घासाघीस करतो, दोघं राजी झालो की तोलून द्यायची. नियम लागतो तो फक्त तराजूचा.

पण बंद पाकीट चाखता येत नाही. तिथे माझ्या वतीने बोलतो तो त्यावरचा मजकूर. दाणे भाजून, सालं पाखडून, आम्ही तिघी परातीत पसरून एक एक दाणा बघतो. सुरकुतलेला, काळपट, वासाला कुबट असेल तो बाहेर. अशा दाण्यांत बुरशीचं विष असू शकतं, अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला, आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. किलोमागे मूठ दीड मूठ दाणे असे जातात. मग उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरला लावलं की भुगा होतो, सोलापूरची चटणी होत नाही. हे सगळं पाकीट हातात घेणाऱ्याला दिसणार कुठून? त्याला किमतीचा आकडा दिसतो, आणि तो आकडाच खोटा छापायचा तर मग त्याने निवड करायची कशाच्या जोरावर?

तर विचारायचं हे, की अशी फुगवून किंमत छापणं कायद्यात बसतं का? बसत असेल तर ८० छापूनच दुकानात टिकायचा काही मार्ग कुणी काढलाय का? आणि ते स्टिकरचं कुणाला नक्की माहीत असेल तर कृपया सांगा. दोन हजार पिशव्यांचा प्रश्न आहे.

---

होटगीरोडकर:
ताई, आमचं नव्या पेठेत चाळीस वर्षं दुकान होतं, आता मुलाने बंद केलं. आधी स्टिकरचं सांगतो. अजिबात मारू नका. छापील किंमत वाढवायला वरून स्टिकर लावता येत नाही, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज, म्हणजे पाकीटबंद मालाच्या, नियमांत स्पष्ट आहे. किंमत कमी करायची असेल तर लावता येतो, तोही जुनी किंमत न झाकता. वैधमापनच्या साहेबांनी धरलं तर नाव तुमचं आहे पाकिटावर, दुकानदाराचं नाही.

आणि तुमच्या दिरांना एक सांगा. १९९० च्या आधी पाकिटावर किंमत असायची पण पुढे लिहिलेलं असायचं, "स्थानिक कर वेगळे". मग हे कर किती ते दुकानदार सांगेल तेवढे. मी स्वतः बघितलंय, एकाच साबणाला एका गल्लीत तीन भाव. शिकलेली माणसं पण गप देऊन जायची. १९९० ला सर्व करांसह कमाल किंमत छापायची सक्ती झाली आणि ती भांडणं थांबली. ज्याला लिहिता वाचता येत नाही त्याला पण आकडा तेवढा कळतो की ओ.

तागडी:
पहिल्या प्रश्नाबद्दल. मी ग्राहक पंचायतीचं काम करतो, वकील नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

छापील किंमत ही वरची मर्यादा आहे. तिच्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा, कमी घ्यायला पूर्ण मोकळीक. पण ती मर्यादा किती असावी हे उत्पादकच ठरवतो. चटणी, बिस्कीट, साबण अशा मालावर सरकार आकडा ठरवत नाही. ते होतं ठरावीक औषधांच्या बाबतीत, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली. त्यामुळे खर्च ५६ आणि छापले १४०, एवढ्यावरून वैधमापन खातं काही करू शकत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. वस्तू सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकली जाते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं त्या व्याख्येत येतं. जी चटणी एक दिवसही १५० ला विकली गेली नाही तिच्यावर "५५ रुपये सूट" अशी पाटी लावणं या कलमाच्या अगदी जवळ जातं. तुमचा दुकानदार ९९ ची पाटी लावणार असेल तर त्या १४० च्या आकड्यात तुम्हीही आलात.

तक्रार करायची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मात्र खरं सांगतो, एका पाटीसाठी तुम्ही स्वतः शेजारच्या मालाविरुद्ध तक्रार केलीत तर दुकानदाराशी संबंध बिघडतील. तो निर्णय तुमचा.

मंगळवेढ्याची ज्वारी:
ताई, मी तुमच्यासारखीच, ज्वारीच्या कडक भाकरीची पाकिटं करते. मी वर्षभर फुगवून किंमत छापून बघितलं आहे. सुरुवातीला माल उठला. मग दुकानदार म्हणाला, बाजूचा आता २०० छापतोय, तुम्ही पण वाढवा. याला शेवट नाही. आणि त्या काळात माझं नेहमीचं गिऱ्हाईक, जी घरी येऊन घ्यायची, ती एक दिवस दुकानातलं पाकीट घेऊन आली. म्हणाली, "मला तू साठला देतेस आणि इथं एकशे वीस लिहिलंय. मग साठचं वेगळं असतंय का?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या छपाईला परत खाली आणली.

तागडी:
एक राहिलं. पाकिटावर आता ग्रॅममागची किंमतही छापावी लागते, युनिट सेल प्राइस. एक किलोच्या आतल्या पाकिटाला दर ग्रॅमचा भाव. तुमच्या पाकिटावर आहे का? ती नेमकी याचसाठी आणली, १७० आणि २०० ग्रॅम शेजारी ठेवून तुलना करता यावी म्हणून.

मूळ प्रश्नकर्ती:
आहे, अगदी तळाला, ०.४० रुपये प्रति ग्रॅम. आत्ता तुमचं वाचून त्या दुसऱ्या पाकिटाचा फोटो मोठा करून बघितला. त्यावर ०.८८ लिहिलंय, म्हणजे १५० भागिले १७०. त्यांनी नियम पाळलाच आहे. पण बघा, तो दर छापील किमतीवरून निघतो, प्रत्यक्ष विक्रीच्या नाही. किंमत फुगली की हा आकडाही फुगतो. तरी हा एकच आकडा असा आहे की जो फुगवला तर त्यांच्याच अंगाशी येतो. सूट बघणाऱ्याला १५० मोठे वाटतात, पण ग्रॅमचा भाव बघणाऱ्याला ८८ पैसे महाग वाटणार.

होटगीरोडकर:
मग तोच आकडा पुढे आणा की ताई! तळाला कशाला ठेवलाय? आणि दुकानदाराचं पण ऐका. त्याला चौदाचे पस्तीस (९९ वजा ६४) दिसतायत, त्याचं भाडं आहे, नोकर आहेत. नुसतं तत्त्व सांगून तो ऐकायचा नाही. त्याला ६६ ऐवजी ६३ ला द्या, पण सांगा की माझं पाकीट नजरेच्या उंचीवर ठेवायचं आणि एक डबा उघडा ठेवायचा चाखायला. गड्ड्यात जे करताय तेच दुकानात करा. चटणी खाल्ली की माणूस पाटी बघत नाही.

मंगळवेढ्याची ज्वारी:
डबा उघडा ठेवू नका, वास जातो आणि माश्या बसतात. छोट्या बरणीत, झाकण आणि लाकडी चमचा, रोज बदलायची. मी भाकरीचे तुकडे देते, त्यावर चटणी घालून द्या.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. स्टिकरचा विषय संपला, दोन हजार पिशव्या आहेत तशा ८० ला वापरणार. १४० छापणार नाही, हे आज दुकानात जाऊन सांगून आले. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "मग पंधरा दिवस बघू." ६३ चं बोलले, ते त्याने लगेच मान्य केलं. पाकिटामागे मला सातच रुपये राहतील, पण माल उठला तर चालेल. रविवारी सकाळी मी स्वतः भाकरीचे तुकडे आणि बरणी घेऊन त्याच्या दारात उभी राहणार आहे, त्यालाही मान्य आहे.

दिराला हा धागा वाचायला दिला. "स्थानिक कर वेगळे" हे वाचून तो गप्प बसला, कारण त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, त्यावरून एका दुकानात मोठं भांडण झालेलं त्याला आठवलं. पण किंमत छापायची सक्ती करून फुगवणारा काही सापडत नाही, असं तो आता म्हणतो, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता पुढच्या छपाईला "ग्रॅमला ४० पैसे" हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला, नावाच्या खाली मोठ्या अक्षरांत घ्यायचं ठरवलंय. छापणारा विचारतोय की मागच्या बाजूला नियमाप्रमाणे ०.४० रुपये प्रति ग्रॅम असं असताना पुढे पैशांत लिहिलेलं चालतं का, की दोन्हीकडे सारखंच पाहिजे. बुधवारी त्याला नमुना मंजूर करून द्यायचाय. कुणी असं छापलं असेल तर तेवढं सांगा.